"टेन्शन तिलाही येतं, मग मलाच का झेपत नाही?"

या वेळचं पत्र कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

"ताई, शाळेत मी कायम पहिल्या पाचात असायचे, तेही फार अभ्यास न करता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीचा पेपर राहिला आणि तेव्हापासून सगळं बिघडलंय. रात्री दोन दोन वाजेपर्यंत पुस्तक समोर असतं पण डोक्यात काही शिरत नाही. पेपर हातात आला की छाती धडधडते, हात घामाने ओले होतात, येत असलेलं पण आठवत नाही. माझी रूममेट साधारण माझ्याएवढाच अभ्यास करते, टेन्शन तिलाही येतं, पण ती नीट जेवते, झोपते, हसते. मी मनाने कमजोर आहे का? काही जणांना हे जन्मापासूनच मिळालेलं असतं का? पेपर राहिल्याचं अजून घरी सांगितलेलं नाही. पुढची परीक्षा दीड महिन्यावर आली. काय करू?"

हे बघ, आधी त्या कमजोर असण्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. नाही, तू मनाने कमजोर नाहीयेस. स्वभावाचा थोडाफार भाग असतो हे खरंय, काही जण लहानपणापासूनच पटकन धास्तावतात आणि काही जण नाही, ते मी नाकारत नाही. पण तुला तुझ्यात आणि तिच्यात जो फरक दिसतोय त्यातला बराचसा भाग नंतर घडलेला आहे, आणि जे नंतर घडतं ते बदलता पण येतं. तू स्वतःच लिहिलंयस की टेन्शन तिलाही येतं. म्हणजे टेन्शन दोघींना आहे, फक्त ते आल्यावर पुढे काय होतं तिथे तुमचे रस्ते वेगळे होतात.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाबद्दल जी मांडणी केली ती मला आजही सगळ्यात उपयोगाची वाटते. त्यांचं म्हणणं असं की ताण नुसत्या परीक्षेमुळे येत नाही, परीक्षा समोर आली की मन दोन प्रश्न विचारतं. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? आणि दुसरा, याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? पहिल्याचं उत्तर "खूप काही" आणि दुसऱ्याचं "काहीच नाही" असं आलं की माणूस गळपटतो. पहिल्याचं उत्तर तेच राहिलं पण दुसऱ्याला "बरंच काही आहे" असं आलं तर तीच परीक्षा अवघड वाटते पण अंगावर येत नाही. तुझ्या रूममेटचा पहिला प्रश्न तुझ्याइतकाच मोठा असेल, मार्क तिलाही हवेच आहेत की. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नासमोर सध्या रिकामी जागा आहे, एवढंच.

आता ती जागा रिकामी का झाली ते तुझ्याच पत्रात आहे. शाळेत तुला फार कष्ट न करता मिळत गेलं, त्यामुळे "मी हुशार आहे" एवढाच पुरावा जमा झाला. अडलं, मग असं असं केलं आणि सुटलं, असला पुरावा जमाच झाला नाही कारण तशी वेळच आली नाही. मग एक पेपर राहिला आणि हुशार असण्याचा पुरावा एका दिवसात गेला आणि त्याच्या मागे दुसरं काही नव्हतं. असं पहिल्या वर्षी खूप मुलांचं होतं आणि विशेष करून शाळेत पुढे असलेल्यांचं होतं, आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त माझंच झालंय.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये "हे मला जमेल" हा विश्वास कुठून येतो त्यावर लिहिलं होतं. त्यांनी चार वाटा सांगितल्या, स्वतः केलेलं आणि जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिलेलं, कुणीतरी धीर दिलेला, आणि त्या वेळी आपलं शरीर काय सांगतंय ते. यातली सगळ्यात पक्की पहिली आणि धीराचे शब्द त्यामानाने कच्चे. म्हणून तुला "तू करू शकतेस" म्हणणारे दहा जण भेटले तरी रात्री पुस्तक उघडल्यावर तो धीर टिकत नाही, आणि म्हणून मी पण इथे तुला नुसता धीर देत बसणार नाहीये. तुला पुरावे हवेत, छोटे, खरे आणि रोजचे.

आणि इथेच तुझ्या त्या रात्री दोनपर्यंतच्या अभ्यासाबद्दल मला काळजी वाटते. मी अंदाज करते तो कसा चालत असेल, चुकलं तर सोडून दे. पुस्तक उघडं, हायलायटर हातात, एक रिॲक्शन वाचायची, कळल्यासारखं वाटतं, खाली रेघ मारायची, पुढचं पान, मग लक्षात येतं की मागच्या पानावरचं काही आठवत नाहीये, परत मागे जायचं, तेच तिसऱ्यांदा वाचायचं, मधे मोबाईल, मोबाईल ठेवल्यावर अपराधी वाटणं, ते वाटू नये म्हणून अजून एक तास बसणं. यात मेहनत आहे, मी खोटं म्हणत नाही, पण संपूर्ण रात्रीत एकही क्षण असा येत नाही की जिथे तुला कळावं "हे मला आलं". उलट चार तास बसून "काहीच होत नाही माझ्याकडून" हाच पुरावा रोज वाढत जातो. म्हणजे जेवढा वेळ जास्त बसतेस तेवढा तो दुसरा प्रश्न जास्त रिकामा होतो!

२००६ सालचा रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत परत वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. आणि गंमत म्हणजे परत परत वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात राहील असा जास्त भरवसा होता. ओळखीचं वाटणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरात फक्त दुसरी कामाला येते.

तर उद्यापासून असं करून बघ. एकच रिॲक्शन घे, अख्खं चॅप्टर नाही. पंधरा वीस मिनिटं समजून वाच. पुस्तक बंद कर, खरंच बंद कर, नुसतं बाजूला सरकवू नकोस. कोऱ्या कागदावर ती सुरुवातीपासून लिहायला घे, कुठल्या अणूवर कोण येतं, बाण कुठून कुठे जातो, काय बाहेर पडतं. अडशील. अडलीस तिथे एक फुली मार आणि पुढचं आठवतंय तेवढं लिही. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाने दुरुस्त कर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोरा कागद आणि तीच रिॲक्शन. बहुतेक फुल्या कमी झालेल्या असतील. त्या कागदावर तारीख टाक आणि फेकू नकोस, एका फाईलमध्ये लाव. पंधरा दिवसांनी ती फाईल हातात घेशील तेव्हा "माझ्याकडे काय आहे" याचं उत्तर तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते नाहीतर तू तिसऱ्या दिवशी सोडून देशील. एक, हे करताना पहिल्या आठवड्यात वाचण्यापेक्षा जास्त वाईट वाटेल कारण आपल्याला काय येत नाही ते धडधडीत समोर दिसतं. ते वाईट वाटणं म्हणजे पद्धत चुकतेय असं नाही, उलट मेंदूला आठवायला कष्ट पडतायत म्हणूनच ते पक्कं बसतंय. दोन, सुरुवात सगळ्यात अवघड चॅप्टरने करू नकोस. "अवघड ते आधी" असं बरेच जण सांगतात आणि ज्याचा आत्मविश्वास शाबूत आहे त्याला ते चालतही असेल, पण तुझ्या आत्ताच्या अवस्थेत मला तो सल्ला अजिबात पटत नाही. अर्धवट येतंय तिथून सुरू कर, चार ठिकाणी जमलं की मग अवघडाकडे जा.

राहिलेल्या पेपरची उत्तरपत्रिका कॉलेजकडून बघायला मिळत असेल तर प्लीज बघ. मला माहितीये नुसत्या विचारानेच पोटात गोळा येत असेल. पण सध्या तुझ्या डोक्यात तो पेपर म्हणजे "मी नापास" एवढंच आहे, आणि कागदावर बघितलंस तर तो "दोन मोठे प्रश्न वेळेअभावी लिहायचे राहून गेले आणि एका चॅप्टरचं काहीच येत नव्हतं" असा काहीतरी निघेल. नुसत्या "मी नापास" वर काही करता येत नाही, या दुसऱ्यावर येतं.

आता धडधडीबद्दल. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले होते. एक शरीराचा, म्हणजे धडधड, घाम, पोटात कालवाकालव. दुसरा डोक्यात चालणारी बडबड, "हा पण गेला, आता काय, सगळे काय म्हणतील". आणि मार्कांचं नुकसान मुख्यतः ही बडबड करते, धडधड त्यामानाने कमी. कारण साधं आहे, आपण ज्या जागेवर आकडे, स्टेप्स, नावं तात्पुरती धरून ठेवतो ती जागा छोट्याशा टेबलाएवढीच असते आणि बडबडीने अर्धं टेबल अडवलं की पेपर ठेवायला जागा उरत नाही. येत असलेलं आठवत नाही ते यामुळे, विसरल्यामुळे नाही. पेपर संपून बाहेर आल्यावर सगळं आठवतं ना? तेच.

म्हणून धडधड थांबवायच्या मागे लागू नकोस. जेमीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका मोठ्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना फक्त एवढंच सांगितलं की परीक्षेत अशी धडधड झाली तर ती कामाला मदत पण करू शकते, आणि त्या मुलांना गणितात बाकीच्यांपेक्षा चांगले मार्क पडले. हृदय जोरात चालतं तेव्हा शरीर कामाला लागलेलं असतं. "मी घाबरलेय, आता संपलं" याऐवजी "शरीर तयार होतंय" असं स्वतःला म्हणायचं, पहिल्यांदा खोटं वाटेल, तरी म्हणायचं.

आणि बडबडीसाठी, पेपरच्या आधी दहा मिनिटं कागदावर जे जे भीतीदायक वाटतंय ते सगळं लिहून काढ, शुद्धलेखन नाही, सुविचार नाही, नुसतं ओतून टाक आणि कागद फाडून टाक. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये हे करून बघितलं तेव्हा जास्त घाबरणाऱ्या मुलांना फायदा झालेला दिसला. सगळ्यांना सारखा होईलच असं मी म्हणणार नाही, म्हणून खऱ्या परीक्षेत पहिल्यांदा करू नकोस, आधी एखाद्या सराव पेपरला करून बघ आणि तुला सूट होतंय का ते ठरव.

डोकं ब्लँक झालं तर काय करायचं हे पण आत्ताच ठरवून ठेव, तेव्हा नाही. पीटर गॉलविट्झर यांचं यावर बरंच काम आहे, "असं झालं तर मी असं करीन" अशा नेमक्या वाक्यात आधी ठरवलेलं असेल तर वेळ आल्यावर विचार करावा लागत नाही. तुझ्यासाठी वाक्य असं असू शकतं, "पेपर बघून काही सुचलं नाही तर मी पेन खाली ठेवीन, तीनदा सावकाश लांब श्वास सोडीन आणि सगळ्यात सोपा प्रश्न शोधून त्याची पहिली ओळ लिहीन." सराव पेपर सोडवताना पण दरवेळी हेच करायचं, अडलीस नसशील तरी एकदा करायचं, म्हणजे हाताला सवय होते.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय त्याकडे येते. तुझ्या पूर्ण पत्रात, जे मी इथे सगळं दिलं नाही, तू स्वतःला सहा सात ठिकाणी काय काय म्हटलंयस ते तू पुन्हा वाचून बघ. आळशी, ढ, ओझं, कमजोर. हीच वाक्यं तू तुझ्या रूममेटला म्हणशील का, तिचा पेपर राहिला असता तर? नाही म्हणणार. पण आपल्याला आतून असं वाटत असतं की स्वतःला असं फटकारलं नाही तर आपण अजून ढिले पडू, ही शिव्या देण्याची शिस्तच आपल्याला अभ्यासाला बसवते. मला हा समज फार घातक वाटतो आणि तो चांगल्या चांगल्या मुलांना आतून पोखरतो. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला होता, ज्यांनी पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केली त्यांच्यातल्या ज्या मुलांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. परत वाच हे. माफ करणारे ढिले पडले नाहीत, ते लवकर अभ्यासाला बसले. कारण स्वतःवरचा राग जितका जास्त तितकं पुस्तक समोर आलं की ते वाईट वाटणं परत येतं, आणि मग आपण पुस्तकापासून नाही, त्या वाईट वाटण्यापासून पळतो, मोबाईल हातात येतो तो तिथेच.

क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून हा विषय पुढे आणला, त्यांच्या मते स्वतःशी माणुसकीने वागण्यात तीन गोष्टी येतात, स्वतःशी प्रेमाने बोलणं, हे माझ्या एकटीचं नाही इतरांचंही होतं हे लक्षात ठेवणं, आणि वाईट वाटतंय ते न दाबता आणि न फुगवता आहे तेवढंच बघणं. यात चूक झाकणं कुठेच नाहीये. "मी तीन दिवस काही केलं नाही, त्याचं मला वाईट वाटतंय, असं होतं माणसाचं, आज संध्याकाळी सहा वाजता एक रिॲक्शन घेऊन बसते." इतकं साधं. मोठ्याने म्हण, मनात नको, मनात म्हटलं की जुनी वाक्यं मधे घुसतात.

झोपेबद्दल लांबण लावत नाही. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते आणि तू तीच कापतेयस. दोनऐवजी साडेअकरा. त्यात जो अभ्यास जाईल असं वाटतंय तो आत्ता होतच नाहीये.

रूममेटकडे बघून कुढण्यापेक्षा तिला विचार ना, तू नक्की कसा अभ्यास करतेस, अडलं की काय करतेस. बांदुरांची दुसरी वाट हीच, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना जवळून बघणं. कदाचित तिचा पण कुठेतरी घोळ झालेला असेल आणि तो निस्तरून ती इथे आली असेल. केमिस्ट्रीच्या सरांकडे पण जा, पण "सर मला काही येत नाही" असं म्हणून नको, तो फुल्या मारलेला कागद घेऊन जा आणि एका फुलीवर बोट ठेव. शिकवणाऱ्या माणसाला नेमका प्रश्न आला की तो वेळ काढतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. जर दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटत असेल, झोप भूक गेली असेल, आवडायच्या त्या गोष्टी पण नकोशा झाल्या असतील तर वरचं सगळं करतानाच कॉलेजच्या काउन्सेलरला किंवा डॉक्टरला भेट, परीक्षा होऊ दे मग बघू असं करू नकोस. आणि जगणंच नको असं मनात आलं, एकदा जरी आलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग, रूममेटला उठवून सांग, हेल्पलाइनला फोन कर. तुझ्या पत्रात तसं काही नाहीये पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी लागू शकतं म्हणून लिहितेय.

राहता राहिलं घरचं. कोहेन आणि विल्स यांनी १९८५ मध्ये आधी झालेले बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की आपल्यामागे माणसं आहेत, गरज पडली तर ती येतील, एवढं नुसतं वाटत असलं तरी ताणाचा मार कमी बसतो. तू लपवून ठेवलंयस त्यामुळे ती माणसं असून नसल्यासारखी झालीयेत, वर रोज फोनवर "हो चाललाय अभ्यास" म्हणताना ते ओझं वेगळं. सांग. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको, या आठवड्यात सांग. आई बाबांपैकी ज्यांच्याशी बोलणं सोपं जातं त्यांना आधी, आणि मेसेजवर नको, बोलून. पहिल्याच वाक्यात सांगून टाक, प्रस्तावना लांबली की त्यांच्या मनात भलतंसलतं येतं. "आई, पहिल्या वर्षी माझा केमिस्ट्रीचा पेपर राहिलाय, अमुक तारखेला परत आहे, मी रोज असा असा अभ्यास करतेय, मला त्याची फार भीती वाटत होती म्हणून बोलले नाही." चार गोष्टी आणि मग थांब, त्यांना बोलू दे. राग येईल कदाचित, दुखावतील पण, पेपर राहिला त्यापेक्षा लपवलं याचं जास्त. तेव्हा वाद घालू नकोस, रूममेटशी तुलना नको, कॉलेजला दोष नको. "आधी का नाही सांगितलंस?" हे विचारतीलच. त्याला "भीती वाटत होती" एवढंच उत्तर दे, कारण खरं तेच आहे, आणि त्यानंतर त्यांच्याकडून तुला काय हवंय ते पण स्पष्ट सांग, म्हणजे रोज अभ्यासाची चौकशी नको, पण रविवारी एक निवांत फोन हवाय, असं काहीतरी. आपल्याला काय लागतं ते त्यांना न सांगता कळत नाही गं.